वाचवलेली नळी

क्षमानं बर्फातून नळी काढली, नखानं दोनदा टिचकी मारून थेंब तळाशी आणला आणि ती खिडकीच्या उजेडात धरली.

“किती उरलंय?” तिचे गाइड डॉ. नरसिंह कुलकर्णी मागे येऊन उभे होते.

“सहा नळ्यांपुरतं असेल, सर. सातवी कंट्रोलची. तिला नाही पुरणार.”

“कंट्रोल मागच्या महिन्यात लावलास की.”

“लावला होता. तेव्हा नीट कापलं होतं.”

“मग? महिन्याभरात एन्झाइम काम विसरलं काय?” ते हसले. धारवाडचं त्यांचं मराठी प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं वर चढायचं. “नवा डबा कस्टममध्ये बसलाय. कधी उठेल ते त्याचं त्याला ठाऊक. ती नळी वाचव.”

तिनं वाचवली. त्या प्रयोगशाळेत सगळेच वाचवत. एन्झाइम परदेशातून कोरड्या बर्फात यायचं, बर्फ विमानतळावरच्या गोदामातच उडून जायचा, आणि जे हाती पडे ते थेंबाथेंबानं पुरवावं लागे. कंट्रोलच्या नळीतून नवं काही कळत नाही. जो डीएनए कापला जाणार हे आधीच माहीत आहे तो कापला गेला, म्हणजे एन्झाइम जिवंत आहे, एवढंच ती सांगते. म्हणून टंचाईत पहिली तीच जायची.

प्रयोग तसा सोपा होता. माणसाच्या पेशीत वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये ते कधी कधी गप्प होतं. त्याची अक्षरं बदललेली नसतात. अक्षरांवर मिथाइलचे बारीक गट येऊन बसतात आणि पेशीला ते जनुक वाचता येत नाही. क्षमाचं एन्झाइम म्हणजे एक कात्री होती. मिथाइल नसेल तिथे ती डीएनए कापायची, असेल तिथे तिला कापता यायचं नाही. मग त्या तुकड्याच्या प्रती काढायच्या. कापलेल्याच्या प्रती निघत नाहीत. न कापलेल्याच्या लाखोंनी निघतात आणि जेलच्या पारदर्शक वडीत, अतिनील दिव्याखाली, त्यांची नारिंगी पट्टी दिसते. पट्टी दिसली की मिथाइल आहे. मिथाइल आहे म्हणजे जनुक गप्प आहे.

सहापैकी पाच नळ्यांत कॅन्सरच्या गाठींचा डीएनए होता. सहावी नॉर्मल. खरी चणचण नॉर्मलचीच होती. गाठ असलेली बाई काहीही द्यायला तयार असते. धडधाकट बाई तपासणीच्या टेबलावर कशाला चढेल? नळीवर नुसता आकडा होता, पण सहावी कुणाची ते क्षमाला माहीत होतं. ती तिच्या वहिनीची होती.

भाऊ योगीराज बँकेत होता. त्याची बेळगावहून बंगळूरला बदली झाली तेव्हापासून क्षमा हॉस्टेल सोडून त्याच्याकडे बसवनगुडीत राहायला आली होती. एका रात्री जेवताना ती सहज बोलली होती, की नॉर्मल द्यायला कुणी तयार नाही. भार्गवी तव्यावरची चपाती उलटत म्हणाली होती, “माझं घे की.”

“खरंच देशील?”

“न द्यायला काय झालं? लग्न झाल्यापासून तुमच्या घरानं माझ्यात नुसत्या खोडी काढल्या. एकदा सायन्सनं तरी मला नॉर्मल म्हणू दे.”

“क्षमा, विचार कर,” योगीराज पेपरमागून म्हणाला. “तुझा प्रयोग बिघडेल.”

“ह्यांना कुणी विचारलं होतं?”

मग गल्लीच्या टोकाला नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर वसुमतींकडे दोघी गेल्या. लाकडी चमच्यानं पेशी खरवडून घ्यायला क्षणभरही लागला नाही. भार्गवी बाहेर येऊन म्हणाली, “एवढंच? मला वाटलं होतं तुमचं सायन्स जरा दुखतं.”

*

डार्करूममध्ये क्षमानं चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल ओढली आणि दिवा लावला. जेलमध्ये सहा नारिंगी पट्ट्या उजळल्या.

पहिल्या पाच अपेक्षित होत्या. सहाव्या रांगेकडे ती बघत राहिली. तिनं जेल उलटं तर ठेवलं नाही ना, म्हणून कोपऱ्यातली खूण तपासली. उलटं नव्हतं.

डॉ. कुलकर्णी तिच्या खांद्यावरून वाकले. “पाचही? फार सुंदर.” मग बोट पुढे सरकलं. “हे काय?”

“नॉर्मल आहे, सर.”

“नॉर्मल म्हणून आलेलं. असतात असे एखाददुसरे. वगळ.”

“वगळायचं?”

“मग काय, सगळ्या पेपरभर त्याची कैफियत लिहायची?”

“त्या बाईला सांगायला नको?”

त्यांनी दिवा बंद केला. अंधारात त्यांचा आवाज नेहमीपेक्षा सौम्य वाटला. “काय सांगणार? याचा अर्थ अजून आपल्यालाच कळलेला नाही. कॅन्सरच्या आधी हे होतं, की नंतर होतं, की वय झालं की आपोआप होतं, कुणाला माहीत आहे? हा अभ्यास आहे क्षमा, दवाखाना नाही. आणि ती बाई कोण ते तुला कुठे ठाऊक?”

“ठाऊक आहे.”

“नसायला हवं,” ते म्हणाले, आणि दार उघडून बाहेर गेले.

सहावीचा डीएनए थोडा उरला होता. तिनं तो उणे वीसच्या फ्रीझरमध्ये नीट ठेवला, हात धुतले आणि संस्थेची बस न पकडता रिक्षा केली.

*

भार्गवी पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसली होती. मुग्धाची जुनी झबली, दुपटी, कानटोपरी. दिवसभर गच्चीवर उन्हात घातलेली, अजून कोमट. मुग्धा आता दुसरीत होती. योगीराजची बढती, मग बदली, मग मुग्धाची शाळा, असं करत दुसरं मूल मागे पडत गेलं होतं. यंदा भार्गवीनं कुणाला न विचारता माळ्यावरचं बोचकं खाली काढलं होतं.

“काय गं, आले माझे मार्क?”

क्षमानं दार लोटलं. पलंगाच्या कडेवर बसली. येताना रिक्षात तिनं सगळं मनाशी लावून घेतलं होतं आणि आता त्याच क्रमानं सांगितलं. हा कॅन्सर नाही. ही एक खूण आहे. ती कॅन्सरच्या आधी येत असावी, पण हे नक्की नाही. प्रत्येक वाक्याला तिनं मर्यादा घातली होती. सेमिनारमध्ये कुणी तिच्यावर बोट ठेवू शकलं नसतं.

भार्गवीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, “बाकीच्या पाचजणींचं आणि माझं एकसारखं आलं?”

“दिसायला एकसारखं.”

“त्या पाचजणी कशा आहेत?”

क्षमानं ढिगातलं एक झबलं उचललं. त्याचे बंद सरळ केले.

“सांग की.”

“एक गेली,” क्षमा म्हणाली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भार्गवी उठली नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. मग क्षमानंच जाऊन गॅस बंद केला.

*

डॉक्टर वसुमती हुबळीच्या. मराठी आणि कन्नड एकाच वेगानं बोलायच्या आणि हात धूत असतानाही बोलणं थांबवायच्या नाहीत.

“पिशवीच्या तोंडाशी जखम आहे. लालसर. निम्म्या बायकांना असते. स्लाइडमध्ये सूज आलीय, बाकी काही नाही. एरवी मी गोळ्या देऊन सहा महिन्यांनी बोलावलं असतं.” टॉवेलला हात पुसत त्या क्षमाकडे वळल्या. “पण तुम्ही म्हणता, जीन बदललंय.”

“जीन नाही बदललं. त्याच्यावर एक–”

“तेच ते. तुमच्या लॅबमध्ये ते कॅन्सरसारखं दिसलं.”

“हो.”

“सरी, ठीक. मग झालं तर.”

“तुकडा काढून तपासता येईल ना आधी?” क्षमानं विचारलं.

“येईल की. एका जागचा तुकडा काढू, तो चांगला निघेल, आणि शेजारी बोटभर अंतरावर काय आहे ते कळणार नाही. मग तुम्हीच येऊन मला विचाराल.” त्या खुर्चीत बसल्या. “एक मुलगी आहे ना? मग ती पिशवी ठेवून काय लोणचं घालायचंय?”

डॉक्टर हसल्या म्हणून योगीराजही हसला. मग भार्गवीकडे पाहून थांबला.

“मला दुसरं हवंय,” भार्गवी म्हणाली.

तिनं ते याआधी कुणासमोर मोठ्यानं म्हटलं नव्हतं. योगीराजसमोरही नसावं, कारण तो तिच्याकडे बघत राहिला.

“हवंय ते बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण पहिलीला आधी आई हवी की नाही?”

योगीराजनं पँटच्या गुडघ्यावरची घडी बोटांनी नीट केली. “रिस्क नको, भार्गवी. कशाला उगाच.”

“वर्षभर थांबलं तर?” भार्गवीनं हे डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. ती क्षमाकडे वळली. “तू सांग. तू डोळ्यांनी पाहिलंयस. वर्षभरात मूल होऊन जाईल, मग काढू. चालेल का?”

तिघंही क्षमाकडे बघत होती. त्या घरात आजवर तिला लाइटबिल कुठे भरायचं आणि साबुदाणा कधी भिजत घालायचा याव्यतिरिक्त कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं मान किंचित खाली घातली. डार्करूममधली ती रांग तिला जशीच्या तशी दिसत होती. कडा रेखीव. कुठे फिकटपणा नाही.

“पट्टी अगदी स्पष्ट होती, वहिनी,” ती म्हणाली.

भार्गवीनं मान हलवली. पुढचं सगळं योगीराज आणि डॉक्टर ठरवू लागले.

*

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर वसुमतींनी क्षमाला मागच्या दाराशी बोलावून घेतलं. “अर्धं पॅथॉलॉजीला पाठवते. उरलेलं तुमच्या अभ्यासाला लागेल ना? नाहीतर जाळायलाच जाणार.”

क्षमानं बर्फाचा डबा आणलाच होता. डॉक्टर आपणहून काही देणार नाहीत असं धरून तिनं तो भार्गवीच्या पलंगाखाली सरकवून ठेवला होता, आणि लागला तर असावा म्हणून आणलाही होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. रिक्षात तो मांडीवर घेऊन ती बसली. लालबागेजवळ खड्डा आला तेव्हा पुढे वाकून म्हणाली, “स्वल्प निधान.” रिक्षावाल्यानं आरशातून डब्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला. आत देवाचं काहीतरी असावं असं त्याला वाटलं असेल.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठवड्यानं आला. जुनाट सूज. कॅन्सर नाही. कॅन्सरपूर्व बदलही नाहीत.

भार्गवी तेव्हा घरी आली होती आणि कुशीवर वळायचं असलं की आधी उशी पोटाशी धरत होती. तिनं रिपोर्ट दोनदा वाचायला लावला. “म्हणजे निघालं काहीच नाही?”

“निघायच्या आधीच काढलं,” योगीराज म्हणाला. हे वाक्य डॉक्टरांचं होतं, त्यानं ते तिथून उचलून आणलं होतं. बेळगावला आईला फोन करतानाही त्यानं तेच सांगितलं. आई पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होती की खोलीभर ऐकू आलं. “पोरीला शिकवू नका म्हणत होते सगळे. बघा, शिकवलेलं आज घरच्या कामाला आलं.”

भार्गवीनं क्षमाचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. “तुझ्यामुळं वाचले गं मी. उगाच चिडवत असते तुला.”

क्षमानं हात काढला नाही. तो अवघडून बधिर होईपर्यंत तसाच ठेवला.

*

नवा डबा कस्टममधून सुटला तेव्हा भार्गवी घरातल्या घरात चालायला लागली होती. क्षमानं सगळ्यात आधी ऑपरेशनमधून आणलेल्या तुकड्याचा डीएनए काढला. खरवडलेल्या पेशींपेक्षा तो कितीतरी चांगला निघाला, पांढरा, सुतासारखा काचेच्या काडीभोवती गुंडाळला जाणारा. या वेळी तिनं नळ्या वाचवल्या नाहीत. कंट्रोल लावला. खरवडीतला उरलेला डीएनएही लावला. नव्या एन्झाइमनं.

दिवा लावला. कंट्रोलच्या रांगेत पट्टी नव्हती. कात्री चालली होती.

तुकड्याच्या रांगेत पट्टी नव्हती.

खरवडीच्या रांगेतही नव्हती.

तिनं ढाल वर केली आणि उघड्या डोळ्यांनी जेलकडे पाहिलं, जे कधी करायचं नसतं. मग दिवा बंद करून ती परत गेली, डीप फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यातून जुन्या एन्झाइमची नळी काढली. तळाला ओलसरपणा राहिला होता तेवढा पुसून घेतल्यासारखा वर ओढला आणि तो साध्या, निर्मळ डीएनएवर टाकला. जो कापला जाणारच, त्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पट्टी उजळली. नारिंगी, रेखीव. कुठे फिकटपणा नाही.

एन्झाइम मेलेलं होतं. त्या दिवशी तिनं त्याच्यापुढे काहीही ठेवलं असतं, तरी पट्टीच आली असती. पाच गाठींमध्ये ती यायची अपेक्षा होती, म्हणून कुणी थांबून पाहिलं नाही.

डॉ. कुलकर्णींच्या खोलीत तिनं तिन्ही फोटो टेबलावर मांडले. त्यांनी आधी मधला उचलला.

“हे टिश्यू कुठून मिळवलंस? याला म्हणतात नॉर्मल. असलं अख्खं, निरोगी, तरुण बाईचं टिश्यू कोण देतं?”

“माझ्या वहिनीचं आहे. सहा नंबरचंही तिचंच होतं.”

त्यांनी फोटो खाली ठेवला. चष्मा काढला. त्यांना सगळं जुळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती उभी राहिली.

“तू सांगितलंस तिला.”

“हो.”

“मी नको म्हटलं होतं.”

“हो, सर. डॉक्टरांना तपासताना जखमही दिसली होती.”

“ऑपरेशन आपण केलं नाही,” ते म्हणाले. “जखम होती असं तूच म्हणालीस. डॉक्टरनं केलं. डॉक्टरचा निर्णय.” मग त्यांची नजर तिसऱ्या फोटोवर गेली आणि तिथे थांबली. “पण मग त्या पाच ट्यूमरचं काय?”

“तेही खोटेच धरायला हवेत.”

“पाचही परत?” त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला. आता त्यांच्या आवाजात पहिल्यांदा दुःख होतं. “अरे देवा. पाचही परत. त्यातल्या दोघींचं तर मटेरियलच उरलेलं नाही.”

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी हाक मारली. “क्षमा. हे नॉर्मल मात्र सांभाळून ठेव. पेपरमध्ये पहिल्या रांगेत तेच घालू.”

*

त्या संध्याकाळी ती गांधीबाजारातून चालत घरी आली. फुलांच्या दुकानांवरून, भाजीवाल्यांच्या पाट्यांवरून ती वाक्य जुळवत आली. या वेळी तिनं त्याला मर्यादा घातल्या नाहीत. वाक्य लहान होतं. एन्झाइम मेलेलं होतं, वहिनी, तुला काही झालेलं नव्हतं.

दार कावेरीनं उघडलं. भार्गवीची ही धाकटी बहीण आठवड्यापूर्वी हुबळीहून मदतीला आली होती. तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात आल्यापासून ती काही ना काही खात असे, आणि आताही तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू होता.

“आल्या बघ सायंटिस्टीणबाई,” ती आत वळून म्हणाली.

भार्गवी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चपात्या लाटत होती. उभं राहायला अजून परवानगी नव्हती.

“वहिनी, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल की. पण आधी फ्रिज उघड.”

क्षमानं उघडला. दह्याच्या भांड्याशेजारी, कोथिंबिरीच्या जुडीला टेकून, एक छोटी, स्क्रूच्या झाकणाची बाटली उभी होती. आत पाण्यासारखं काहीतरी, थोडं गढूळ.

“हिचं आहे,” भार्गवी म्हणाली. “सकाळी वसुमतीबाईंकडे नेऊन आणलं.”

“मी नको म्हणत होते,” कावेरी लाडू भरल्या तोंडानं म्हणाली. “अक्कानं ओढत नेलं. आणि ती डॉक्टर, तिचा हात आहे की सांडशी?”

“गप. एकाच आईच्या पोटच्या आम्ही. माझ्यात आलं ते हिच्यात नसेल कशावरून? आणि तुझ्यासारखी नणंद हिला कुठली मिळायला. हिच्या दोघी नणंदा येतात त्या नुसत्या जेवायला.” भार्गवीनं चपाती तव्यावर टाकली. “बघून टाक गं. असलंच तर आत्ताच काढून मोकळं व्हायचं. मी नाही काढली? मेले का मी?”

कावेरीचं चघळणं थांबलं. “माझं अजून एकही नाही, अक्का.”

“जीव राहिला तर बाकीचं.” भार्गवीनं हे क्षमाकडे बघून म्हटलं, पाठ केलेलं म्हणून दाखवताना मूल शिक्षिकेकडे बघतं तसं. चपाती फुगली. ती उतरवायला भार्गवी अर्धवट उठली, हात आपसूक पोटाच्या खालच्या बाजूला गेला, आणि ती परत बसली. “तुला काय बोलायचं होतं?”

फ्रिज उघडाच होता. त्याचा गार वारा क्षमाच्या पायांवर येत होता.

“उद्या उशीर होईल मला यायला,” क्षमा म्हणाली. तिनं बाटली घेतली आणि फ्रिज लावला.

*

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं बर्फ भरला, नवं एन्झाइम काढलं, नळ्या ओळीनं लावल्या. कंट्रोलची पहिली. मग कावेरीची बाटली समोर ठेवून बसली. झाकण उघडलं, परत लावलं. पट्टी नाही आली तर त्याचा अर्थ काय, हे तिला ठाऊक नव्हतं. आली तर त्याचाही ठाऊक नव्हता. आणि आलीच, तर स्टुलावर बसलेली ती बाई आपल्या बहिणीला हाताला धरून कुठे नेईल, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

तिनं बाटलीवरचं नाव स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि ती न उघडता जाळायच्या डब्यात टाकली. या वेळी एन्झाइम जिवंत होतं.

तपासायला जेवढे दिवस लागतात तेवढे तिनं जाऊ दिले. मग एका रात्री, सगळी जेवायला बसलेली असताना, ताटाकडे बघत म्हणाली, “कावेरीचं झालं. नॉर्मल आहे.”

“बघ, मी म्हटलं होतं,” कावेरी म्हणाली, आणि योगीराजला टाळी मागायला हात पुढे केला. तिनं पुन्हा आमटी वाढून घेतली. उद्याच हुबळीला फोन करते म्हणाली. तिकडे नवरा बिचारा दोन दिवस जेवला नसेल. नसेल कसला, योगीराज म्हणाला, तू इकडे असल्यावर तिकडे काहीतरी उरत असेल. मुग्धा ठसका लागेपर्यंत हसली.

भार्गवीही हसत होती. तिनं बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग चपात्यांचा डबा जवळ ओढला. “नीट बघितलंस ना?”

“हो.”

“परत एकदा बघायला नको?”

“नको. अगदी स्पष्ट आहे.”

“बरं झालं.” तिनं डब्यावरचं फडकं उघडलं, परत झाकलं. बाकीच्यांचं बोलणं चालूच होतं. ती क्षमाकडे थोडी झुकली. आवाज इतका खाली आला की क्षमालाच ऐकू जावा. “मग माझ्यातच का आलं गं?”

क्षमानं घास खाली ठेवला. भार्गवीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ज्याला माहीत असेल अशा माणसाला ती विचारत होती.

“तेच शोधतोय आम्ही,” क्षमा म्हणाली.

भार्गवीनं त्यावर विचार केल्यासारखी मान हलवली.

“शोध,” ती म्हणाली, आणि डब्यातली मऊ बघून एक चपाती तिच्या ताटात वाढली.